उत्तर: फाइली सांभाळणाऱ्याला प्रशिक्षण कशाला?
वर एका दादांनी लिहिलंय, प्राणी नीतिमत्ता समितीचं (प्राण्यांवरचे प्रयोग तपासून मंजुरी देणाऱ्या समितीचं) प्रशिक्षण शास्त्रज्ञांना द्या, समितीच्या फाइली सांभाळणाऱ्याला कशाला? मला हे अजिबात पटत नाही.

प्रयोगाच्या परवानगीचा अर्ज, म्हणजे फॉर्म बी, आधी त्याच्याच टेबलावर येतो. गटात सहाच उंदीर का, भूल कोणती, प्राण्याला त्रास वाढला तर प्रयोग कुठे थांबवणार, एवढं त्याला पारखता आलं तर अर्धवट अर्ज बैठकीआधीच परत जातो. नाहीतर बाहेरगावाहून आलेल्या सदस्यांचा अख्खा दिवस त्यातच जातो. मंजूर झालेली संख्या फॉर्म डी मधल्या, म्हणजे प्रत्यक्ष वापरलेल्या प्राण्यांच्या, नोंदीशी जुळते का, हेही त्यानेच बघायचं.

प्राण्यांवरील क्रूरता रोखणारा १९६० चा कायदा आणि प्राण्यांवरच्या प्रयोगांचे १९९८ चे नियम पाठ असून भागत नाही. जळगावचा मे महिना घ्या. प्राणीगृहात १८ ते २९ अंश राखायचे, बाहेर पारा ४५ च्या आसपास, आणि त्यात वीज गेली! जनरेटर किती वेळाने सुरू झाला, पशुवैद्याला कळवलं का, नोंद कुठे आहे, हे विचारायला शिकवावंच लागतं.

माझ्या मते सुरुवात दुसऱ्या कॉलेजच्या बैठकीत बसून, त्यांचं इतिवृत्त वाचून करावी. धुळे, शिरपूर, चोपड्याच्या फार्मसी कॉलेजांनी आपसात ठरवलं तर एसटीच्या तिकिटाएवढाच खर्च.