मदत हवी आहे: स्पेलिंग दुरुस्त केल्यावर टेस्ट फेल होताहेत (अर्जंट)

अर्धवट_इंजिनिअर (धागाकर्ता)
नमस्कार मंडळी. एका मोठ्या ओपन सोर्स प्रोजेक्टमध्ये स्पेलिंगच्या चुका दुरुस्त करतोय. सगळ्या एका दमात बदलल्या, पुल रिक्वेस्ट (पीआर, म्हणजे बदल सामील करून घ्यायची विनंती) टाकली, तर सीआय (आपोआप चालणाऱ्या टेस्ट) लाल. फक्त स्पेलिंग बदलल्यात, कोडला हात लावलेला नाही. मग टेस्ट फेल का व्हाव्यात? वर मेंटेनरने (प्रोजेक्ट सांभाळणाऱ्याने) 'फार मोठी आहे, तुकडे करा' एवढंच लिहून सोडून दिलंय. शुक्रवारच्या आत मर्ज (सामील) व्हायला पाहिजे, कॉलेजला दाखवायचंय. माहीत असेल त्यांनी लगेच सांगा. नाशिकमधलं कोणी असेल तर भेटायलाही येतो. गुगल करून झालंय, ते सांगू नका.

सीबीएस_ते_सातपूर
कोणता प्रोजेक्ट? कोणती भाषा? कशाने बदललंस? कोणती टेस्ट? एरर कुठाय? 'सीआय लाल' एवढ्यावरून काय पंचांग बघून सांगू?

अर्धवट_इंजिनिअर
नाव देत नाही, मेंटेनर आधीच वैतागलेत. सी मध्ये आहे, वेबसंबंधी. सेडने (शोधून बदलणाऱ्या कमांडने) बदललं, चुकांची यादी माझी मीच केली होती. एरर खूप लांबलचक आहे. कुंभमेळ्याच्या कामासाठी आमच्याकडचा रस्ता खोदलाय, सकाळपासून नेट नाही, मोबाइलवरून लिहितोय.

सीबीएस_ते_सातपूर
सेड रेपोच्या (प्रोजेक्टच्या फोल्डरच्या) मुळापासून चालवलंस ना? डॉट-गिट फोल्डर, जिथे गिट बदलांची नोंद ठेवतं, ते वगळलं होतंस का? सेडला काय कळतंय, कोणती फाइल सोर्सची आणि कोणती गिटच्या पोटातली. गिटच्या इंडेक्समध्ये फाइलींची नावं जशीच्या तशी असतात. त्यातलं एखादं तुझ्या यादीत सापडलं की इंडेक्स बदलला, चेकसम (पडताळणीचा आकडा) जुळत नाही, गिट बोंबलतं. तसं असेल तर ती इंडेक्स फाइल उडव आणि गिट रिसेट मार, नवी तयार होते. नाहीतर सरळ नवा क्लोन (रेपोची ताजी प्रत) घे.

अर्धवट_इंजिनिअर
गिट व्यवस्थित चालतंय. सेड फक्त डॉट-सी आणि डॉट-एच फाइलींवर चालवलं होतं, ते तर उघडच आहे ना.

सीबीएस_ते_सातपूर
उघड? कुठे उघड? माझी दहा मिनिटं गेली त्यात.

रामकुंड_रूट
मुळात सेड कशाला? कोडस्पेल घे. चुकीचा शब्द आणि त्याच्यापुढे बरोबर शब्द, अशी तयार यादी घेऊन ते बसतं. शब्दकोशात नाही म्हणून प्रत्येक शब्दावर ओरडत नाही, त्यामुळे व्हेरिएबलच्या चित्रविचित्र नावांना सहसा त्रास होत नाही. आधी नुसतं चालवून यादी बघ, फाइलीत लिहायचा पर्याय लगेच लावू नकोस. बाहेरून आणून ठेवलेल्या लायब्ररींचे फोल्डर वगळ, त्या दुरुस्त्या मूळ प्रोजेक्टकडे पाठवायच्या असतात.

लिनक्स कर्नलमध्ये तर स्क्रिप्ट्स फोल्डरात अशी यादीच ठेवलीय: चुकीचा शब्द, दोन उभ्या रेघा, बरोबर शब्द. चेकपॅच (पॅच, म्हणजे पाठवायचे बदल, तपासणारी स्क्रिप्ट) ती वाचतो आणि पॅच पाठवायच्या आधीच टोकतो. नंतर झाडू मारायला वेगळा माणूस लागत नाही.

गोदाघाट
कोडस्पेल जुनं झालं हो. टायपोज वापरा, रस्टमध्ये लिहिलंय, वेगवान आहे. कॅमलकेसमधली (शब्द जोडून, प्रत्येकाचं पहिलं अक्षर मोठं) नावं तोडून आतले शब्दही तपासतं.

रामकुंड_रूट
तोडून तपासतं हीच भीती आहे. लायब्ररीच्या पब्लिक फंक्शनच्या नावात चूक असेल आणि याने ते नाव बदललं, तर ती लायब्ररी वापरणाऱ्या सगळ्यांचं बिल्ड (कोडचा चालता प्रोग्राम बनवणं) मोडणार.

गोदाघाट
मग कॉन्फिगमध्ये ते शब्द वगळायचे. रस्ट म्हटलं की काही जणांच्या पोटात का दुखतं कळत नाही.

सीबीएस_ते_सातपूर
पोरानं टूल विचारलेलंच नाही. टेस्ट का पडताहेत ते विचारलंय. भावा, एररच्या शेवटच्या चार ओळी तरी टाक.

मुद्रितशोधक_काका
चिरंजीव, तुमचा उत्साह पाहून आनंद वाटला. मी नाशिकच्या एका दैनिकात बरीच वर्षे प्रुफे वाचली, खिळे जुळवण्याच्या काळापासून. संगणकावर विसंबू नका. मजकूर शेवटच्या शब्दापासून उलटा वाचत यावे. अर्थ लागत नाही, त्यामुळे डोळा पुढे धावत नाही आणि चूक नजरेत भरते. दुसरे म्हणजे जोडीने वाचावे, एकाने मूळ प्रत मोठ्याने वाचायची आणि दुसऱ्याने गॅलीवर (जुळवलेल्या मजकुराच्या कच्च्या छापावर) नजर ठेवायची. आकडे आणि विशेषनामे वेगळी, सर्वांत शेवटी तपासावीत. आमच्याकडे एकदा पालखेड धरणाच्या विसर्गाचा आकडा शून्य जास्त पडून छापला गेला होता, लोक घाबरून कचेरीत आले होते.

गोदाघाट
काका, लाखो ओळींचा कोड आहे, उलटा वाचेपर्यंत पुढचा सिंहस्थ यायचा. हलकेच घ्या.

अर्धवट_इंजिनिअर
नेट आलं. एरर ही अशी: 'हॉटलिंक टेस्ट: अपेक्षित ४०३, मिळालं २००.' ४०३ म्हणजे मनाई, २०० म्हणजे ठीक. अशाच आणखी काही आहेत, सगळ्यांत रेफरर दिसतंय.

रामकुंड_रूट
हे आधी टाकलं असतंस तर धागा इथेच संपला असता. तुझ्या यादीत रेफरर आहे ना? एका आरचं दोन आर केलंस?

अर्धवट_इंजिनिअर
हो. मध्ये दोन आर पाहिजेत, डिक्शनरीत बघून घेतलंय. कोडमध्ये सगळीकडे चुकीचं होतं.

रामकुंड_रूट
डिक्शनरी बरोबर आहे, पण एचटीटीपीत (ब्राउझर आणि सर्व्हरच्या बोलण्याच्या नियमांत) ते हेडर, म्हणजे कोणत्या पानावरून आलात ते सांगणारी ओळ, एका आरनेच जातं. नव्वदच्या दशकात प्रस्तावात चूक झाली, ती तशीच १९९६ च्या आरएफसी १९४५ या दस्तऐवजात आली आणि तेव्हापासून सगळे ब्राउझर चुकीच्या स्पेलिंगनेच पाठवतात. मजा म्हणजे नंतर आलेल्या रेफरर-पॉलिसी हेडरमध्ये दोन आर आहेत, जावास्क्रिप्टच्या डॉक्युमेंट डॉट रेफररमध्येही दोन आहेत. म्हणजे एकाच कोडमध्ये दोन्ही रूपं दिसणार आणि दोन्ही आपापल्या जागी बरोबर. युनिक्सच्या क्रिएट कॉलमधलाही शेवटचा ई असाच गायब आहे. पुन्हा युनिक्स लिहिलं तर काय बदलाल असं विचारल्यावर युनिक्सचे एक निर्माते केन थॉम्प्सन यांनी तो ई घालीन असं म्हटलं होतं. पण घातला कोणीच नाही.

तुझ्या टेस्टमध्ये झालंय ते असं. दुसऱ्या साइटवरून चित्र मागितलं (हेच हॉटलिंक) की सर्व्हरने हेडर बघून ४०३ द्यायला हवं. तुझा सर्व्हर आता दोन आरवालं हेडर शोधतोय. ते त्याला कधीच मिळणार नाही. हेडर नाही म्हणजे थेट आलेला पाहुणा, सोडा आत, २००.

सीबीएस_ते_सातपूर
आणि टेस्ट बहुतेक पायथनमध्ये असणार, म्हणून तुझ्या सेडमधून सुटल्या. नशीब समज. त्याही बदलल्या असत्या तर टेस्टने दोन आरवालं हेडर पाठवलं असतं, सर्व्हरला ते सापडलं असतं आणि सीआय हिरवंगार. खऱ्या ब्राउझरसमोर मात्र हॉटलिंकचं सगळं संरक्षण गुल, आणि ते कळायला कुणाची तरी बँडविड्थ संपावी लागली असती.

अर्धवट_इंजिनिअर
टेस्ट पायथनमध्येच आहेत. पण मग ते कायमचं चुकीचंच ठेवायचं? मेंटेनरला सांगून दोन्ही चालतील असं करता येणार नाही का?

रामकुंड_रूट
पाठवणारा एकच स्पेलिंग पाठवतो. दुसरं कोणासाठी स्वीकारायचं?

पाथर्डी_फाटा
स्पष्ट बोलतो, राग मानू नकोस. स्पेलिंगच्या पीआरला रेझ्युमेत शून्य किंमत. आमच्याकडे इंटरव्ह्यूला येतात पोरं, 'ओपन सोर्स कॉन्ट्रिब्युटर' लिहिलेलं असतं, उघडून बघावं तर रीडमीमध्ये एक स्वल्पविराम. २०२० च्या हॅक्टोबरफेस्टमध्ये (ऑक्टोबरात पीआर पाठवायची मोहीम) टी-शर्टसाठी असल्या पीआरचा एवढा पूर आला की आयोजकांना महिना संपायच्या आत नियम बदलावा लागला. ज्या रेपोने आधी होकार दिलाय तिथल्याच पीआर धरायच्या असं ठरलं. त्यापेक्षा डीएसए (डेटा स्ट्रक्चर आणि अल्गोरिदम) कर आणि पुण्याला जा.

निफाडची_थंडी
असहमत. माझी पहिली पीआर एका एरर मेसेजमधल्या स्पेलिंगची होती, आज त्याच प्रोजेक्टचं मराठी भाषांतर मी सांभाळते. बिल्ड कसं करायचं, साइन-ऑफ कसं द्यायचं, कोणाला विचारायचं, हे छोट्या कामात शिकून होतं.

आणि नाशकात राहूनही कामं मिळतात, प्रत्येकाला पुण्याला पाठवू नका.

पाथर्डी_फाटा
मिळतात हो, पगार विचारा. अंबडला इतकी वर्षं काढून सांगतोय.

गोदाघाट
पगाराचा वेगळा धागा काढा. मिसळ खायला कधी भेटायचं तेवढं ठरवा, मागच्या वेळी कॉलेज रोडला मी एकटाच आलो होतो.

निफाडची_थंडी
मूळ मुद्द्यावर. धागाकर्ते, तुम्ही स्क्रीनवर दिसणारे मेसेजही बदललेत का? गेटटेक्स्ट (मेसेजच्या भाषांतराचं टूल) वापरणारा प्रोजेक्ट असेल तर जपून. तिथे इंग्रजी वाक्य हीच भाषांतराची किल्ली असते. त्यातलं एक अक्षर बदललं की पीओ फाइल (भाषांतरांची) अद्ययावत करताना मराठी, हिंदी, जपानी, सगळ्या भाषांतलं ते वाक्य 'फझी' (पुन्हा तपासायचं) ठरतं. फझी वाक्य प्रोग्राम वाचतो त्या शेवटच्या एमओ फाइलीत जात नाही, वापरणाऱ्याला अचानक इंग्रजी दिसायला लागतं. एका इंग्रजी अक्षरापायी आम्ही सगळे भाषांतरकार पुन्हा कामाला. ग्नोमसारख्या (लिनक्सचा डेस्कटॉप) प्रकल्पांत तर रिलीज जवळ आला की स्ट्रिंग फ्रीझ असतो, विचारल्याशिवाय वाक्याला हात लावता येत नाही.

अर्धवट_इंजिनिअर
पीओ फोल्डर आहे. पण मी पीओ फाइली बदललेल्या नाहीत.

निफाडची_थंडी
म्हणूनच सांगतेय! सी फाइलीत नवं वाक्य, पीओमध्ये जुनी किल्ली. नुसतं स्पेलिंग असेल आणि अर्थ तोच असेल तर सगळ्या पीओ फाइलींतली ती किल्लीही त्याच कमिटमध्ये (एका वेळी नोंदवलेल्या बदलात) बदलायची, म्हणजे भाषांतर शाबूत राहतं. पण ते आधी मेंटेनरला विचारून. काही ठिकाणी पीओ फाइली वेबवरच्या भाषांतर व्यवस्थेतून येतात, हाताने बदललेल्या चालत नाहीत.

सीबीएस_ते_सातपूर
'फार मोठी आहे' याचं उत्तर कोणी दिलेलंच नाही. काही फाइली सुरुवातीपासून शेवटपर्यंत लाल-हिरव्या दिसताहेत का?

अर्धवट_इंजिनिअर
हो, बऱ्याच. तीन शब्द बदललेत पण फाइल अख्खी दिसते.

सीबीएस_ते_सातपूर
विंडोज. गिट बॅश. बरोबर?

अर्धवट_इंजिनिअर
हो, कॉलेजचा लॅपटॉप. त्याचा काय संबंध?

सीबीएस_ते_सातपूर
तिथल्या सेडने ओळींची शेपटं बदलली, सीआरएलएफचं एलएफ झालं (ओळ संपवायची विंडोजची खूण जाऊन युनिक्सची आली). म्हणून प्रत्येक ओळ बदललेली दिसते. गिट डिफला (फरक दाखवणाऱ्या कमांडला) ओळीच्या शेवटचा सीआर दुर्लक्षायला सांग, खरे बदल किती ते दिसेल. ही ब्रँच (कामाची शाखा) टाकून दे, दुरुस्त करत बसू नकोस. नवी घे आणि फक्त कॉमेंट बदल. वर्ड-डिफ लावून प्रत्येक शब्द डोळ्यांनी बघ, मग गिट ॲडचा पॅच पर्याय लावून एकेक तुकडा घे. दुसरी पीआर डॉक्युमेंटेशनची. मेसेज नंतर, विचारून. नावांना, हेडरना, टेस्टमधल्या अपेक्षित आउटपुटला हात नाही.

रामकुंड_रूट
+१. सबसिस्टमप्रमाणे तुकडे केलेस तर आणखी बरं, ज्याचा भाग त्याच्याकडे जातो. आणि मर्ज झाल्यावर तो कमिट ब्लेममधून (कोणती ओळ कोणी बदलली ते दाखवणारी सोय) वगळायच्या यादीत टाकायला सुचव. गिट २.२३ पासून सोय आहे. नाहीतर पुढे कोणी बग शोधताना ब्लेम केलं की जिथेतिथे तुझंच नाव.

सीबीएस_ते_सातपूर
कॉमेंटच्या दुरुस्तीसाठी ब्लेमची यादी? अती होतंय. कोड फॉरमॅट करणाऱ्या कमिटसाठी ठीक आहे.

रामकुंड_रूट
हजार ओळी बदलणारा कमिट आहे, त्यात काय अती? बॅकपोर्ट (दुरुस्ती जुन्या आवृत्तीत नेणं) करताना ह्याच ओळींवर कॉन्फ्लिक्ट येतात. कर्नलच्या स्टेबल शाखेत नुसत्या स्पेलिंगच्या दुरुस्त्या घेत नाहीत, तसं नियमातच लिहिलंय. म्हणजे मुख्य शाखा आणि स्टेबल यांच्यात फरक राहणारच.

गोदाघाट
आणि बिहेवियरमधला यू काढू नकोस हां. ब्रिटिश स्पेलिंग म्हणजे चूक नव्हे. कोडस्पेलसुद्धा ती यादी आपणहून लावत नाही, वेगळी मागावी लागते. हे मी, टायपोजवाला, सांगतोय.

अर्धवट_इंजिनिअर
नवी ब्रँच केली, फक्त कॉमेंट घेतल्या. पीआर टाकली, सीआय हिरवं. पण मेंटेनरने अजून बघितलं नाही. शुक्रवार परवावर आलाय, काय करू?

निफाडची_थंडी
वाट बघा. ते लोक पोटापाण्याचं काम सांभाळून हे करतात. कॉलेजला उघडी पीआर आणि हिरवं सीआय दाखवा, मर्ज झालीच पाहिजे असं सरांनी म्हटलंय का?

अर्धवट_इंजिनिअर
नाही, 'काम दाखवा' एवढंच म्हणालेत.

रामकुंड_रूट
मग झालं की. फक्त दर दोन तासांनी खाली 'काही अपडेट?' लिहीत बसू नकोस.

अर्धवट_इंजिनिअर
ते सकाळीच लिहिलंय. आता काढलं तर त्यांना मेल जातो का?