गेममधली अथेन्सची प्निक्स टेकडी लेकरांना दाखवायचीय, कितपत खरी आहे?

लातूरचा_मास्तर
डिस्कव्हरी टूर एन्शंट ग्रीस इथं कुणी बघितलंय का? असॅसिन्स क्रीड ओडिसीचंच जग आहे पण मारामारी काढून टाकलेली, नुसतं फिरायचं अन् माहिती ऐकायची. त्यात प्निक्स टेकडी आहे, अथेन्सचे लोक जिथं जमून युद्ध करायचं का तह ते हात वर करून ठरवायचे. नववीच्या लेकरांना लोकशाही म्हणलं की मतदान यंत्रच आठवतंय, म्हणून हे प्रोजेक्टरवर लावावं म्हणतोय. खरं किती धरायचं? शाळेच्या पीसीवर चालंल का?

पाणचक्कीवाला
टेकडी खरी आहे, अ‍ॅक्रोपोलिस म्हणजे अथेन्सची देवळांची मोठी टेकडी, तिच्या पश्चिमेला आजही जाऊन बघता येती. फक्त एक सांगून ठेवा, गेम इ.स.पू. ४३१ चा आहे आणि आज फोटोत खडकात कोरलेलं जे व्यासपीठ दिसतं ते त्याच्या नंतरच्या शतकातलं. आधी लोक टेकडीच्या उतारावर बसायचे अन् बोलणारा खालच्या अंगाला, पुढं भराव घालून सगळी बैठकच उलटी फिरवली. लेकरं नेटवर फोटो काढून बघणारच, मेळ बसला नाही की तुम्हालाच विचारतील. पीसीचं म्हणाल तर ग्राफिक्स कार्ड नसंल तर नादी लागू नका, कुणाचा तरी गेमिंग लॅपटॉप आणा.

परभणीचा_ग्रामसेवक
सर, कोरमचं, म्हणजे सभेला कमीत कमी किती माणूस हजर लागतो ते, नक्की सांगा. काही ठरावांना ६००० माणूस लागायचा तिथं. अन् लोक तिथंबी यायचे नाहीत, बाजारात गप्पा हाणत बसायचे, मग लाल रंगात भिजवलेली दोरी ताणून त्यांना टेकडीकडं हाकायचे, इ.स.पू. ४२५ च्या अ‍ॅरिस्टोफेनीसच्या नाटकात आहे ते. पुढं तर हजेरीचे पैसे द्यावे लागले. आपल्याकडं ग्रामसभेला १५ टक्के किंवा १०० मतदार, जे कमी असंल ते, तरी सभा तहकूब होती. आणि तहकूब सभेला परत कोरमच लागत नाही, मग पाच-पंचवीस लोकांत गावाचा आराखडा मंजूर! मला ह्याचा फार त्रास होतो, खरंच सांगतो.

बीडची_ताई
आणि तिथं कोण नव्हतं ते पण सांगा ना सर. बायका नाहीत, गुलाम नाहीत, बाहेरगावाहून येऊन राहिलेले नाहीत. गेममध्ये माहिती सांगणाऱ्यांत अस्पेशिया आहे, ती मिलेटस ह्या दुसऱ्या शहराची, म्हणजे बाई पण अन् परकी पण, तिला स्वतःला त्या सभेत बसता आलं नसतं. वर्गातल्या मुलींना हे आधी विचारा, की तुमच्यातल्या किती जणी तिथं हात वर करू शकल्या असत्या. आपल्याकडं ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यायचा नियम आहे, तो कशासाठी आहे ते मग सांगायची गरजच पडणार नाही.

लातूरचा_मास्तर
ताई, मुलींना विचारूनच गेम चालू करतो. ग्रामसेवक भाऊ, १५ ऑगस्टच्या ग्रामसभेला वर्ग घेऊन आलो तर चालंल का?

परभणीचा_ग्रामसेवक
मागं बसून ऐकायला कुणी अडवत नाही सर. तुमच्या गावच्या ग्रामसेवकाला आदल्या दिवशी फोन करा, सतरंज्या जास्तीच्या टाकायला सांगा.