गोव्यातल्या उत्सवी संगीत नाटकांच्या तारखा आधी कशा कळतात? मदत हवी आहे

संगीत नाटकांचं वेड आहे. पुण्यात होणारे प्रयोग शक्यतो चुकवत नाही, पण इथे बहुतेक काटछाट केलेल्या आवृत्त्याच वाट्याला येतात. ‘सौभद्र’ (1882) मूळचं पाच अंकी, पदं शंभराहून जास्त. अडीच तासांत काय काय मावणार? नाट्यगीतांच्या मैफिली नकोत, त्या भरपूर ऐकल्यात.

गोव्यात, विशेषतः फोंडा तालुक्यात, देवळाच्या उत्सवात गावचीच मंडळी रात्री उशिरापर्यंत संगीत नाटक करतात. ते बघायचंय. अडचण अशी की उत्सवाची तिथी पंचांगात सापडते (मंगेशीची जत्रा माघात, वगैरे), पण कोणत्या रात्री कोणतं नाटक हे बाहेरच्याला कळत नाही. तिकीटविक्रीच्या साइटवर हे प्रयोग नसतातच. एका देवस्थानाला फोन केला, तर “पत्रिका छापली की कळेल” एवढंच उत्तर. गोव्यातल्या वर्तमानपत्रांच्या ई-आवृत्त्याही चाळतो, पण बातमी येते ती प्रयोग होऊन गेल्यावर.

सोबत आई असेल, तिला जमिनीवर बसणं जमत नाही. सुट्टी शनिवार-रविवारचीच, त्यामुळे निदान पंधरा दिवस आधी कळायला हवं. गाडी आहे, गाव आडबाजूला असलं तरी चालेल. राज्य नाट्य स्पर्धेची संगीत नाटकांची फेरी माहीत आहे, तिच्याबद्दल विचारत नाहीये.

तर गोवेकरांनो, ही पत्रिका साधारण किती दिवस आधी निघते आणि ती मिळवायला देवस्थान समितीत नेमकं कोणाला गाठायचं? आणि बाहेरच्या माणसाला तिथे खुर्ची मिळते का?