क्रिस्टीन लाव्हरान्सडातर : दुसऱ्या भागात अडकले आहे, पुढे वाचू का?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. महिनाभर सिग्रिड उंडसेट या नॉर्वेच्या लेखिकेची 'क्रिस्टीन लाव्हरान्सडातर' ही कादंबरी वाचते आहे. माझी भाची तिकडेच, नॉर्वेत बर्गनला असते, ती दिवाळीला आली तेव्हा इंग्रजी अनुवाद घेऊन आली. तिन्ही भाग एकाच बाडात, अकराशेच्या वर पानं. मांडीवर उशी घेतल्याशिवाय पुस्तक पेलत नाही.

पहिला भाग आठ दिवसांत संपवला. गोष्ट चौदाव्या शतकातल्या नॉर्वेची. लाव्हरान्स हा मोठा जमीनदार, देवभीरू, शब्दाचा पक्का. क्रिस्टीन त्याची लाडकी लेक. सिमोन दारे नावाच्या चांगल्या मुलाशी तिचं लग्न ठरलेलं असतं. मधल्या काळात ती ऑस्लोच्या मठात राहायला जाते आणि तिथे एर्लेंड तिच्या आयुष्यात येतो. देखणा, शूर, बेभरवशाचा, आणि आधीच दोन मुलांचा बाप. ती त्याच्यासाठी ठरलेलं लग्न मोडायला लावते, बापाला दोन वर्षं झुरवते, आणि शेवटी नवरीचा मुकुट डोक्यावर चढतो तेव्हा तिला दिवस गेलेले असतात. तो मुकुट कुमारिकेचा. आपण तो कोणत्या तोंडाने घातलाय, हे तिचं तिलाच ठाऊक.

पण मी पुस्तक मिटून बसून राहिले ती त्यानंतरच्या प्रकरणाने. लग्नाच्या रात्री लाव्हरान्सला सगळं उमगतं. पाहुणे झोपलेत आणि म्हातारा-म्हातारी दोघंच बोलत बसलीत. तेव्हा त्याची बायको इतक्या वर्षांनी पहिल्यांदा सांगते की, मीही तुमच्याकडे आले ती कोरी आले नव्हते. एका रात्रीत त्या माणसाच्या हातून लेकही जाते आणि बायकोही. आवाज कुणी चढवत नाही.

मी १९८४ साली घरच्यांच्या मनाविरुद्ध लग्न केलं. वडील दोन वर्षं बोलले नाहीत. थोरला झाला तेव्हा न कळवता एसटीने आले, खांद्यावर नव्या तांदळाचं पोतं. उंबऱ्याशी पोतं ठेवलं, बाळाचे तळपाय हातात धरून बघितले आणि चहा न घेता परतीच्या गाडीने गेले. त्या दोन वर्षांत ते घरी आईशी काय बोलत असतील, हा विचार मी चाळीस वर्षांत कधी केला नव्हता. तो या प्रकरणाने करायला लावला.

आता अडचण. दुसऱ्या भागात ती सासरी, हुसाबीला येते. वाडा मोठा, पण अस्वच्छ, नोकरमाणसं सैल, धान्याचा हिशेब नाही. ती कमरेला किल्ल्या लावते आणि सगळं मार्गाला आणते. तिथवर मी तिच्याबरोबर होते. पुढे मात्र मुलांमागून मुलं होतात, आणि ही बाई नवऱ्याचा एकही जुना अपराध विसरत नाही. प्रत्येक भांडणात मागचं उकरून काढते. वाचताना जीव घुसमटतो. साडेपाचशे पानांवर खूण घालून ठेवली आहे. तिसरा भागही असाच आहे का? ज्यांनी पूर्ण वाचलंय त्यांनी सांगा.

घाटवाट

ताई, सोडू नका. आधी एक विचारतो, तुमच्याकडचा अनुवाद कुठला? १९२०च्या दशकातला आर्चर आणि स्कॉट यांचा असेल तर घुसमट निम्मी त्या भाषेची आहे. त्यांनी मुद्दाम जुनाट इंग्रजी वापरलं, पात्रं एकमेकांना 'दाउ', 'दी' करत बोलतात, आणि काही मजकूर गाळलाही आहे. टीना नन्नली यांचा १९९७ ते २००० या काळात आलेला अनुवाद घ्या. उंडसेटबाईंचं मूळ गद्य साधं आणि सरळ आहे असं म्हणतात, ते तिथे कळतं.

उंडसेटबाईंचे वडील पुरातत्त्वज्ञ होते. ते लवकर गेले, आणि घर चालवायला या बाईंनी ऐन तारुण्याची दहा वर्षं कचेरीत काम केलं. मला या कादंबरीत सगळ्यात आवडतं ते हे की चौदावं शतक कुठे 'दाखवलं' जात नाही. गुरं डोंगरावरच्या कुरणात नेतात, बिअर घरी गाळतात, उपासाचे दिवस पाळतात, जमिनीचे करार साक्षीदारांसमोर होतात, आणि हे सगळं माणसांच्या हातून घडत जातं. आपल्याकडच्या पुष्कळ ऐतिहासिक कादंबऱ्यांत पानोपानी दरबार आणि भाषणं असतात. इथे राजाविरुद्धचा कटसुद्धा घरसंसाराच्या आडून कळत जातो.

काळाचा हिशेब मांडून बघा. तिकडे क्रिस्टीनचा संसार चाललाय तेव्हा इकडे तुघलकाने १३२७ मध्ये राजधानी दौलताबादला आणली, १३४७ मध्ये बहमनी राज्य उभं राहिलं. नॉर्वेत १३४९ साली प्लेग आला, आणि नामदेवांची समाधी १३५०ची मानतात. हे लक्षात आल्यापासून मला ही माणसं परकी वाटेनाशी झाली.

रानजाई

मी पूर्ण वाचली आहे आणि माझं मत वेगळं आहे. लिखाण थोर आहे, वाद नाही. पण त्या बाईला लेखिका सुखाने श्वास घेऊ देत नाही. प्रेम केलं त्याची किंमत म्हणून पहिल्या मुलाच्या जन्मानंतर तान्ह्याला पाठीशी बांधून पायी निदारोसच्या (आजच्या ट्रॉन्हाइमच्या) चर्चपर्यंत जायचं, सोन्याचा मुकुट देवाला वाहायचा, आणि तरी पुढची शेकडो पानं पापाचा हिशेब सुटत नाही. लेखिका स्वतः १९२४ मध्ये कॅथलिक झाल्या. ती ओढ पुस्तकात आधीपासून जाणवते. एर्लेंडने आधीच्या बाईला मुलं दिली, पुढेही दुसरीकडे गेला, आणि कुढायचं मात्र क्रिस्टीनने. मला हे पटलं नाही.

सिमोन दारेसाठी मात्र पुढे वाचाच. जिने नाकारलं तिच्या धाकट्या बहिणीशी त्याचं लग्न होतं, आणि ज्याच्यासाठी नाकारलं गेलं त्या माणसाचा जीव वाचवायला तोच धावतो. त्याच्या मरणाचं प्रकरण मी दोनदा वाचलं.

कृष्णाकाठ

सगळ्यांचे आभार. माझ्याकडचा अनुवाद नन्नली यांचाच आहे. काल रात्री पुस्तक संपलं, म्हणून लिहिते.

रानजाई, एर्लेंडच्या बाबतीत तुमचा राग मला मान्य. पण क्रिस्टीनला शिक्षा झाली असं मला शेवटी वाटलं नाही. ती एर्लेंडवर चिडते तेव्हा दर वेळी मनात बापाशी त्याची तुलना करत असते, हे मला उशिरा दिसलं. लाव्हरान्सने वेळेवर पेरलं असतं, लाव्हरान्सने शब्द मोडला नसता. नवऱ्याच्या घरात ती बापाचं घर उभं करत राहते, आणि एर्लेंड त्यात मावत नाही. हे मी केलं आहे. आमच्याकडे कुठलंही बिल उशिरा भरलं गेलं की माझ्या तोंडून 'आमचे अण्णा असते तर' निघायचं. यजमानांना ते किती लागत असेल, ते आता त्यांना विचारताही येत नाही.

नावाचंही तेच. लाव्हरान्सडातर म्हणजे लाव्हरान्सची लेक. त्या काळी त्यांच्याकडे लग्न झालं तरी बाईच्या पुढचं बापाचं नाव जात नसे. मुलगे मोठे झाले, नवरा गेला, केस पिकले तरी ती लाव्हरान्सचीच लेक. माझं नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव, तिन्ही लग्नात एका कागदावर बदलली. तांदळाच्या ताटात अंगठीने नवं नाव लिहिलं ते अजून डोळ्यांपुढे आहे.

आणि अंगठीवरूनच सांगते. प्लेगमध्ये लोक घाबरून एका पोरक्या मुलाला जिवंत पुरायला निघतात. क्रिस्टीन आडवी येते, आणि रात्री स्वतः जाऊन त्या मुलाच्या आईचं प्रेत घेऊन येते. तिथेच तिला लागण होते. मरताना गळ्यातला बापाने दिलेला क्रूस आणि बोटातली लग्नाची अंगठी काढून ती त्या बाईच्या प्रार्थनांसाठी देते. अंगठीवर मेरीचं 'एम' अक्षर कोरलेलं. बोट मोकळं झाल्यावर तिला दिसतं की ते अक्षर कातडीवर उमटून राहिलं आहे. इतक्या वर्षांच्या संसाराचा ठसा.

मी दिवा लावून माझी अंगठी काढून बघितली. सुजलेल्या सांध्यावरून निघायला वेळ लागला. अक्षर नाही, पण खाली फिकट, गुळगुळीत पट्टा आहे, हाताच्या बाकी कातडीपेक्षा पुष्कळ तरुण.

घाटवाट, जाता जाता एक विचारते. उंडसेटबाईंची दुसरी मध्ययुगीन कादंबरी आहे, ओलाव औडुनसनवरची, तीही मोठी आहे म्हणे. तुम्ही वाचली असेल तर सांगा. भाची मेमध्ये पुन्हा येणार आहे, तिला आत्ताच सांगून ठेवते.