सेश्शूचं हिवाळ्याचं चित्र: मधली उभी रेघ हवी की नको?

शाईवेडा: टोकियोच्या राष्ट्रीय संग्रहालयात जपानी चित्रकार सेश्शूची (१४२०-१५०६) शरद आणि हिवाळा अशी दोन शाईचित्रं आहेत. हिवाळ्याचं जेमतेम दीड फूट उंच, फूटभर रुंद. खाली टोपी घातलेला इवलासा माणूस पायवाट चढतोय, वर इमारती, आणि मध्यावरून एक काळी रेघ सरळ वर जाऊन आभाळात विरते. आहे ती कड्याची कड, पण वर कडा उरतच नाही, नुसती रेघ उरते. माझ्या मते चित्रातला सगळा गारठा त्या रेघेत आहे. बोटाने झाकून बघा, मागे राहतो तो नेहमीचा बर्फाळ देखावा.

मृद्गंध: अजिबात पटलं नाही. नजर त्या माणसाबरोबर वळणं घेत चढत असते आणि ही रेघ मध्येच आडवी येते. खडकांनाही जाड बाह्यरेषा, सगळं कोरडं. भाव बघायचा तर सेश्शूचंच १४९५चं हाबोकु, म्हणजे उडवलेल्या शाईच्या शैलीतलं, निसर्गचित्र बघा. ओल्या शाईचे मोजके फटकारे, त्यात धुकं, झाडं, पाणी, पाण्यावर होडी. काहीच आखलेलं नाही, तरी सगळं दिसतं.

शाईवेडा: कोरडं आहेच, कारण थंडी कोरडी आहे. धुक्याचा ओलावा इथे आणला असता तर हिवाळा राहिलाच नसता. बर्फ कसा आणलाय तेही बघा ना. पांढरा रंग कुठेच नाही. आभाळावर पातळ करड्या शाईचा हात फिरवलाय आणि डोंगराच्या जागी कागद कोरा सोडलाय. माणूस नखाएवढा, म्हणून कडा अंगावर येतो. दीड फुटात एवढी उंची ओल्या फटकाऱ्यांनी आली नसती.

जुना_वाचक: दोघेही त्या रेघेला कड्यापासून तोडून बघताय. अमूर्त चित्रं बघून तयार झालेली नजर आहे ही आपली. सेश्शू १४६७ ते १४६९ चीनमध्ये होता. झुकलेले कडे, ठसठशीत बाह्यरेषा ही तिकडच्या चित्रपरंपरेतली रीत. त्याच्या काळच्या माणसाला तिथे कडाच दिसला असणार.

मृद्गंध: रीत मान्य. पण रीतीतला कडा माथ्यापर्यंत पूर्ण होतो, हा अर्ध्यावर सुटतो. माझी तक्रार तीच आहे.

शाईवेडा: आणि मला तो आवडतो तो त्याचसाठी. माथा दाखवला असता तर डोंगराची उंची कळली असती, मग त्या माणसाची चढण तिथेच संपली असती.