स्लाउमधून एअरपोर्ट पिकअपची बुकिंगं घ्यायची आहेत, ऑपरेटर लायसन्स लागेल का?

स्लाउकर

नमस्कार मंडळी. सप्टेंबर आला की ग्रुपवर रोज तेच : "मुलगी हीथ्रोला उतरतेय, तीन बॅगा आहेत, रेडिंगला सोडणारं कोणी भरवशाचं आहे का?" उन्हाळ्यात हेच आईबाबांसाठी. तर बेत असा : गाडी मी चालवणार नाही. व्हॉट्सॲपवर नंबर टाकायचा, बुकिंग घ्यायचं, ओळखीच्या तीन ड्रायव्हरांपैकी एकाला पाठवायचं आणि फेरीमागे ५ पौंड ठेवायचे. तिघेही बॅजवाले (म्हणजे कौन्सिलचं ड्रायव्हर लायसन्स असलेले) प्रायव्हेट हायर, म्हणजे आधी बुक करायच्या मिनीकॅबचे, ड्रायव्हर आहेत. एकाची प्लेट (गाडीचं लायसन्स) आणि बॅज स्लाउचे, दोघांचे वुल्वरहॅम्प्टनचे. पहाटेचे फोन पुण्याहून मावसभाऊ घेईल, तिकडे तेव्हा सकाळ असते.

गाडी माझी नाही, ड्रायव्हरांकडे कागद आहेत, मग मलाही लायसन्स लागेल का? लागत असेल तर कुठल्या कौन्सिलचं? आणि ग्रुपवर काही जण "फक्त पेट्रोलचे पैसे द्या" म्हणून सोडतात, ते चालतं का?

ट्रिपल लॉक

लागेल, आणि तुम्हालाच लागेल. लंडनबाहेर इंग्लंड-वेल्समध्ये १९७६ चा लोकल गव्हर्नमेंट मिसलेनियस प्रोव्हिजन्स ॲक्ट चालतो (प्लिमथ तेवढं वेगळं, त्यांचा स्वतःचा कायदा आहे). त्यात "ऑपरेट करणं" याचा अर्थ गाडी बाळगणं किंवा चालवणं असा नाहीच. धंदा म्हणून प्रायव्हेट हायर गाडीची बुकिंगं मागवण्याची किंवा स्वीकारण्याची सोय करणं, हे ऑपरेट करणं. तुमचा व्हॉट्सॲपवरचा नंबर म्हणजे मागवणं, "हो, पाठवतो" म्हणजे स्वीकारणं, आणि ५ पौंड म्हणजे धंदा. कलम ५५ खालचं ऑपरेटर लायसन्स नसेल तर हा गुन्हा आहे.

हॉटेलचा रिसेप्शनिस्ट पाहुण्यासाठी मिनीकॅबवाल्यांना फोन लावतो, त्याला लायसन्स लागत नाही. कारण तो पाहुण्याच्या वतीने फोन करतो, बुकिंग स्वीकारते ती कंपनी. तुम्हीही कोणाला नुसता एखाद्या ऑपरेटरचा नंबर दिलात तर काही बिघडत नाही. भाडं तुम्ही सांगितलंत, वेळ तुम्ही ठरवलीत, ड्रायव्हर तुम्ही निवडलात, की तुम्ही या व्याख्येत आलात.

आता कौन्सिल. ऑपरेटर, गाडी आणि ड्रायव्हर या तिघांची लायसन्सं एकाच कौन्सिलची हवीत. धंद्यात याला ट्रिपल लॉक म्हणतात, आणि १९९३ च्या बर्मिंगहॅमच्या दित्ता खटल्यापासून यात शंका उरलेली नाही. म्हणजे स्लाउचं ऑपरेटर लायसन्स घेतलंत तर तुमचा एकच ड्रायव्हर उपयोगाचा. वुल्वरहॅम्प्टनच्या दोघांना तुम्ही थेट पाठवू शकत नाही, ते कितीही सज्जन असले तरी.

इथे लोक उलटं समजतात, म्हणून सांगतो : प्रवासी कुठून उचलला आणि कुठे सोडला याचा ट्रिपल लॉकशी संबंध नाही. स्लाउची गाडी हीथ्रोवरून माणूस उचलून लीड्सला सोडू शकते. बघायचं ते एवढंच, की बुकिंग कुठे स्वीकारलं आणि तिन्ही कागद त्याच कौन्सिलचे आहेत का.

दोघांसाठी कायदेशीर वाट आहे. १ ऑक्टोबर २०१५ पासून, डीरेग्युलेशन ॲक्टमुळे, एक ऑपरेटर दुसऱ्या कौन्सिलच्या ऑपरेटरला बुकिंग सब-काँट्रॅक्ट करू शकतो. पण ते ऑपरेटरकडून ऑपरेटरकडे, ड्रायव्हरकडे नाही. ते दोघे वुल्वरहॅम्प्टनच्या ज्या कंपनीकडून काम घेतात तिच्याकडे तुम्ही काम द्यायचं, आणि तिने त्यांना पाठवायचं. तरीही कलम ५६ प्रमाणे गिऱ्हाइकाचा करार तुमच्याशीच झाला असं धरतात. गाडी आलीच नाही तर गिऱ्हाईक तुमच्याच दारात येणार.

लायसन्सशिवाय केलंत तर दंड हजार पौंडांपर्यंत आहे. खरा फटका तो नव्हे. एकदा असा गुन्हा नावावर लागला की "फिट अँड प्रॉपर", म्हणजे लायसन्सला लायक, ठरणं अवघड होतं आणि पुढचा अर्ज तिथेच अडतो. तुमच्याकडून काम घेणाऱ्या ड्रायव्हरचा बॅजही धोक्यात येतो, हे त्यांना आधी सांगा.

रजिस्टर भरा

वरचं सगळं बरोबर. अर्ज आणि त्यानंतरचं मी लिहितो, कारण बहुतेकांची गाडी तिथेच पंक्चर होते.

धंद्याचा पत्ता त्या कौन्सिलच्या हद्दीत हवा. घराचा चालतो, पण काही कौन्सिलं प्लॅनिंगवाल्यांचं मत मागतात, तेव्हा दारात प्लेटच्या गाड्या उभ्या राहणार नाहीत हे अर्जातच लिहा. बेसिक डीबीएस (गुन्हे नावावर आहेत का याचा दाखला) लागतो, आणि तुम्ही स्वतः बॅजवाले ड्रायव्हर नसाल तर दर वर्षी नवा. कंपनी काढलीत तर प्रत्येक डायरेक्टरचा वेगळा. यूकेत काम करण्याच्या हक्काची तपासणी होते. एचएमआरसीचा (इथल्या कर खात्याचा) टॅक्स चेक एप्रिल २०२२ पासून आहे : पहिल्याच अर्जात फक्त करविषयक मार्गदर्शन वाचल्याची सही, नूतनीकरणाला नऊ अक्षरांचा कोड. तो कोड १२० दिवसच चालतो, फार आधी काढून ठेवू नका. लायसन्स साधारण ५ वर्षांचं मिळतं. नाकारलं तर मॅजिस्ट्रेट कोर्टात अपील करायला २१ दिवस.

आता रजिस्टर. २०२० च्या सरकारी स्टँडर्ड्सप्रमाणे प्रत्येक बुकिंगची नोंद किमान ६ महिने ठेवायची. एक ओळ अशी दिसते :

"बुकिंग आलं १२ सप्टें., २१:४० | प्रवासी : आडनावासह नाव | उचलणं : हीथ्रो टर्मिनल २, १३ सप्टें., ०७:१५ | सोडणं : रेडिंग, रस्ता आणि पोस्टकोड | ड्रायव्हरचं नाव, बॅज नंबर | गाडीचा नंबर | बुकिंग कोणी घेतलं | गाडी कोणी पाठवली"

शेवटचे दोन रकाने लोक एकच समजून गाळतात. बुकिंग घेणारा आणि गाडी पाठवणारा ही दोन वेगळी नावं असू शकतात, आणि तुमच्या बाबतीत असणारच : फोन मावसभाऊ घेणार, ड्रायव्हर तुम्ही ठरवणार. नेहमीच्या चुका म्हणजे "सोडणं : युनिव्हर्सिटी" एवढंच लिहिणं, आणि ऐनवेळी ड्रायव्हर बदलल्यावर जुनंच नाव तसंच राहणं. फ्लाइट लेट झालं की वेळ खोडू नका, नवी वेळ खाली लिहा. व्हॉट्सॲपचं चॅट म्हणजे रजिस्टर नव्हे. फोन बदलला की सहा महिन्यांच्या नोंदी गेल्या.

जाता जाता एक : बॅगा बुकिंग घेतानाच विचारा. दोन विद्यार्थी आणि २३ किलोच्या चार बॅगा प्रियसमध्ये मावत नाहीत. मग आयत्या वेळी मोठी गाडी शोधताना जो कोणी मिळेल त्याला पाठवलं जातं, आणि नेमका तोच दुसऱ्या कौन्सिलचा निघतो. मोठी म्हणजे तरी प्रवाशांच्या ८ सीटपर्यंतच. त्यापुढच्या मिनीबसला ट्रॅफिक कमिशनरचं पीएसव्ही (मोठ्या प्रवासी गाडीचं) लायसन्स लागतं, आणि छोट्या बुकिंगला तशी मिनीबस पाठवायची तर गिऱ्हाइकाला आधी सांगून त्याची संमती घ्यावी लागते.

पुण्याचं : फोन बाहेरच्या माणसाने घेण्याला बंदी नाही, पण जबाबदारी बाहेर ढकलता येत नाही. बुकिंग घेणाऱ्या आणि गाडी पाठवणाऱ्या प्रत्येकाची यादी ठेवावी लागते, त्यांची बेसिक डीबीएस पाहावी लागते. जो आयुष्यात यूकेत राहिलाच नाही त्याच्या डीबीएसमधून काय कळणार? म्हणून कौन्सिल भारतातला पोलीस क्लिअरन्स मागेल असं धरून चाला. त्याला तुमच्याच सिस्टीमवर लॉग-इन द्या, म्हणजे बुकिंग स्लाउच्या पत्त्यावरच नोंदलं जाईल. आणि हे अर्जात आधीच लिहा. तपासणीला आल्यावर कळलं तर लपवल्यासारखं दिसतं.

टी२ अरायव्हल्स

पेट्रोलच्या पैशांबद्दल. ते चालतं, पण लोक समजतात तसं नाही. तीन अटी एकदम पाळाव्या लागतात : गाडी ८ प्रवाशांपेक्षा मोठी नको, पैसे किती ते निघण्याआधी ठरलेलं हवं, आणि त्या फेरीच्या खर्चाच्या पलीकडे एक पेनी उरता कामा नये. तुम्ही स्वतः हीथ्रोला चाललाच होता आणि शेजाऱ्याने अर्धं पेट्रोल दिलं, हे त्यात बसतं. दर शनिवारी अनोळखी विद्यार्थ्यांना ४५ पौंडांत सोडणं बसत नाही, त्याला पेट्रोल म्हणा नाहीतर दक्षिणा.

तिथे लायसन्सच्याही आधी विमा कोसळतो. घरगुती आणि ऑफिसला जाण्यायेण्याच्या पॉलिसीत "हायर अँड रिवॉर्ड", म्हणजे भाडं घेऊन प्रवासी नेण्याचा विमा, नसतो. म्हणजे विमा नसताना गाडी चालवली. जागेवर ३०० पौंड आणि लायसन्सवर ६ पेनल्टी पॉइंट, कोर्टात गेलं तर दंडाला वरची मर्यादा नाही. यूकेचं लायसन्स काढून दोन वर्षं झाली नसतील तर ६ पॉइंटांत ते रद्दच होतं, आणि आपल्याकडून नव्याने आलेले बहुतेक जण नेमके त्या दोन वर्षांतच असतात.

भारतीय लायसन्सवर बॅज मिळत नाही, हेही यात आलं. ते इथल्या लायसन्सशी बदलून मिळत नाही. परीक्षा देऊन इथलं काढायचं, मग किमान १२ महिने थांबायचं, मग अर्ज. बऱ्याच कौन्सिलांची अट त्याहून कडक आहे.

स्लाउकर

सगळ्यांचे आभार, बरंच डोक्यात शिरलं. दोन उपप्रश्न. मी स्किल्ड वर्कर व्हिसावर आहे, बायको डिपेंडंट. अर्ज कोणी करावा? आणि एकाने सुचवलं की काळी टॅक्सी, म्हणजे हॅकनी कॅरेज वापरली तर ऑपरेटर लायसन्स लागतच नाही. खरं का?

रजिस्टर भरा

अर्ज वहिनींच्या नावाने. स्किल्ड वर्करला स्वतःचा धंदा करता येत नाही, डिपेंडंटला करता येतो. पण अर्ज त्यांचा आणि फोन सगळे तुम्ही घेताय, असं नको. ते तुमचंच काम धरलं जाईल. लायसन्सची मुदत व्हिसाच्या तारखेपुढे जात नाही, त्यामुळे व्हिसा दोन वर्षांचा उरला असेल तर ५ वर्षांची फी भरण्याआधी कौन्सिलला विचारून घ्या.

ट्रिपल लॉक

हॅकनीचं खरं आहे. २००४ मध्ये ब्रेंटवुड विरुद्ध ग्लॅडन खटल्यात हाय कोर्टाने तेच सांगितलं : हॅकनी कॅरेजसाठी आगाऊ बुकिंग घ्यायला ऑपरेटर लायसन्स लागत नाही. फक्त ज्याने हे सुचवलं त्याला मीटरचं विचारा. हॅकनी आगाऊ बुक केली तरी तिच्या कौन्सिलच्या हद्दीतल्या फेरीला मीटरच्या दरापेक्षा जास्त घेता येत नाही. फेरी हद्दीबाहेर संपत असेल तर भाडं आधी ठरवता येतं, पण निघण्याआधी ठरवलंच पाहिजे, नाहीतर पुन्हा मीटर. तुमचे ५ पौंड त्यातूनच निघणार. आणि त्या दिवशी हॅकनी मिळाली नाही म्हणून प्रायव्हेट हायर गाडी पाठवलीत, की पहिल्या उत्तरापाशी परत आलात. तुमच्या तिघांपैकी एकाचीही हॅकनी नाही, तेव्हा हा विषय सोडा.

लंडनचं ऑपरेटर लायसन्स घ्यावं असं कोणी सुचवलं तर तिथे १९९८ चा वेगळा कायदा आहे, लायसन्स टीएफएलचं (ट्रान्सपोर्ट फॉर लंडनचं) आणि धंद्याची जागा लंडनमध्येच हवी. हिशेबही वेगळा पडतो. डिसेंबर २०२१ च्या हाय कोर्टाच्या निकालापासून लंडनच्या ऑपरेटरला प्रवाशाशी स्वतः करार करावा लागतो. मग ६० पौंडांच्या फेरीतले तुमचे फक्त ५ नव्हे, पूर्ण ६० तुमची उलाढाल ठरतात आणि व्हॅटची ९०,००० पौंडांची मर्यादा लवकर गाठते. वरचं कलम ५६ असूनही लंडनबाहेर अशी सक्ती नाही, हे जुलै २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं, म्हणून तिथे एजन्सीची पद्धत (तुम्ही फक्त मध्यस्थ, करार ड्रायव्हर आणि प्रवाशात) चालू शकते. पण तसा करार लिहून हवा. हा कागद अकाउंटंटकडूनच करून घ्या.

टी२ अरायव्हल्स

ड्रायव्हरांना दोन गोष्टी पहिल्याच दिवशी सांगून ठेवा. लंडनबाहेरची प्लेट लागलेली गाडी बॅज नसलेल्या कोणीही चालवायची नाही. रविवारी भाजी आणायलाही नाही, बायकोनेही नाही.

दुसरी अशी. ड्रायव्हर टर्मिनल २ ला आजीआजोबांना सोडतो. शेजारी बॅगा घेऊन उभं असलेलं कुटुंब मराठी ऐकून विचारतं, "स्लाउलाच जाताय ना, आम्हालाही घ्या की." घ्यायचं नाही. ते प्लाइंग फॉर हायर, म्हणजे बुकिंगशिवाय जागेवरच भाडं घेणं, होतं आणि त्या फेरीला विमाही लागू राहत नाही. ड्रायव्हरने त्यांच्या वतीने तुम्हाला फोन लावणं हीही पळवाटच धरतात. कार्ड द्यावं, त्यांनी स्वतः ऑपरेटरच्या नंबरवर फोन करावा, रजिस्टरमध्ये वेळ पडावी, मग डिकी उघडावी.