एका ओळीत उत्तर मावणारं सामान्यज्ञान बाद करावं का?

काकदृष्टी
परवा एका क्विझमध्ये प्रश्न आला: शेक्सपिअर आणि स्पॅनिश लेखक सर्व्हान्तेस यांच्यात साम्य काय? हवं असलेलं उत्तर: दोघं एकाच दिवशी वारले, २३ एप्रिल १६१६. मी हात वर करून म्हटलं, तारीख एक, दिवस वेगळा. स्पेननं १५८२ मध्येच ग्रेगोरियन कॅलेंडर घेतलं होतं, इंग्लंड १७५२ पर्यंत जुन्या ज्युलियनला चिकटून बसलं. ज्युलियन तेव्हा दहा दिवस मागे होतं, म्हणजे शेक्सपिअर गेला तेव्हा स्पेनमध्ये ३ मे उजाडला होता. त्यातही सर्व्हान्तेसची २३ ही दफनाची नोंद. तो आदल्या दिवशीच गेला असं आता बहुतेक अभ्यासक मानतात. क्विझमास्तर म्हणाले, "माझ्या कागदावर जे आहे ते आहे." गुण गेले. गुणांचं दुःख नाही. (आहे थोडं.)

पण घरी येईपर्यंत डोक्यात तेच घोळत होतं. जिथून कुतूहल सुरू व्हायला हवं नेमकं तिथेच हे प्रश्न दार लावून घेतात. 'पेनिसिलिनचा शोध कोणी लावला?' फ्लेमिंग, १९२८. टाळ्या, पुढचा प्रश्न. त्यानंतर दहाएक वर्षं त्या बुरशीतून शुद्ध, टिकाऊ औषध कोणाला काढता आलं नव्हतं, हे कुठे जातं? ऑक्सफर्डमध्ये फ्लोरी, चेन आणि हीटली यांनी मे १९४० मध्ये आठ उंदरांना जंतू टोचले, चौघांना पेनिसिलिन दिलं. सकाळी तेच चार जिवंत होते. बुरशी वाढवायला भांडी कमी पडली तेव्हा हीटलीनं रुग्णालयातली बेडपॅनसुद्धा वापरून पाहिली. पहिल्या रुग्णाला द्यायला औषध पुरेना, म्हणून त्याच्या लघवीतून ते परत काढून त्यालाच टोचत होते. १९४५ चं नोबेल फ्लेमिंग, फ्लोरी आणि चेन या तिघांना मिळालं, हीटली बाहेर. हे सगळं 'फ्लेमिंग' या एका शब्दाखाली गाडलं जातं.

माझं म्हणणं सरळ आहे. 'कोण, कधी, किती' छापाचे प्रश्न बंद करा. 'कसं' आणि 'का' एवढंच विचारा. घ्या झोडपायला.

खुंटी
साफ असहमत. तुमच्या तक्रारीतच तिचं उत्तर आहे. १५८२ आणि १७५२ हे दोन आकडे तुमच्या डोक्यात नसते तर हात वर केला असतात का? ज्या सनावळ्यांना तुम्ही हाकलून देताय त्यांच्याच जिवावर तुम्ही भांडलात.

माहिती डोक्यात असली की चूक खुपते. मेंडेलीव्हनं १८६९ मध्ये मूलद्रव्यांची सारणी मांडली, नंतर तिच्यातल्या मोकळ्या जागांवर काय सापडेल तेही सांगून ठेवलं. १८७५ मध्ये बुआबोद्रां या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाला गॅलियम सापडलं. त्यानं घनता मोजली, आली ४.७. मेंडेलीव्हनं तो धातू डोळ्यांनी पाहिलेलाही नव्हता, तरी कळवलं: पुन्हा मोजा, ५.९ च्या आसपास यायला हवी. नमुना अधिक शुद्ध करून मोजलं, आली ५.९. शेजारपाजारच्या मूलद्रव्यांचे आकडे त्याला पाठ होते म्हणूनच ४.७ त्याला टोचलं ना?

रात्रपाळी
काकदृष्टींना +१.
खुंटी, मेंडेलीव्ह राहू द्या, आपण साधी माणसं. खिशात फोन असताना पाठ कशाला करायचं? आणि पाठ केलेलं तरी बरोबर असतं कुठे! नेपोलियन बुटका होता, हे शेंबड्या पोरालाही पाठ. उंची पाच फूट दोन इंच. पण ते फ्रेंच फूट आणि फ्रेंच इंच. फ्रेंच इंच सुमारे २.७ सेंटीमीटरचा, इंग्रजी २.५४ चा. हिशेब केला की माणूस १६८ सेंटीमीटरच्या आसपास जातो, त्या काळच्या फ्रेंच पुरुषांत मुळीच ठेंगणा नाही. पोपटपंचीनं दोनशे वर्षं त्याची उंची कापली.

खुंटी
फोनला विचारायचं काय, हे तर तुम्हालाच सुचायला हवं ना? 'फ्रेंच इंच वेगळा होता का' हा प्रश्न इंच वेगवेगळे असू शकतात हे ठाऊक असलेल्यालाच पडतो.

आल्फ्रेड वेगेनर पेशानं हवामानशास्त्रज्ञ. दक्षिण अमेरिका आणि आफ्रिका यांचे किनारे एकमेकांत बसतात, हे नकाशा बघून त्याच्या डोक्यात आलेलं होतं. १९११ मध्ये सहज वाचताना कळलं की अटलांटिकच्या दोन्ही बाजूंना सारखेच जीवाश्म मिळतात. दोन सुट्या गोष्टी, दोन वेगळ्या विषयांतल्या. त्या एकाच टाळक्यात होत्या म्हणून एकमेकींना भेटल्या. १९१२ मध्ये खंड सरकतात असं त्यानं जाहीर मांडलं, लोक हसले, १९३० मध्ये तो ग्रीनलंडच्या बर्फात वारला, आणि मान्यता मिळायला १९६० चं दशक उजाडलं. फोनच्या पोटात दोन्ही गोष्टी पडून असत्या तर त्यांची ओळख कोणी करून दिली असती?

उंटावरचा
मी दोन्हीकडून नाही, वरून बघतोय. माहिती शिळी होते त्याचं काय?

'ग्रह किती?' मी शिकलो नऊ. २००६ मध्ये प्लूटोला काढलं, झाले आठ. लोक अजून हळहळतात. पण १८२० च्या सुमाराची पुस्तकं उघडा, ग्रह अकरा! नेपच्यून सापडायचा होता, तरी अकरा. कारण १८०१ ते १८०७ मध्ये सापडलेले सेरेस, पॅलस, जुनो आणि व्हेस्टा यांनाही ग्रहांच्या पंगतीत बसवलं होतं. पुढे असे डझनावारी सापडायला लागले तेव्हा चौघांना उठवून लघुग्रह म्हटलं. प्लूटोवर अन्याय झाला म्हणणाऱ्यांपैकी सेरेससाठी कोणी रडलंय का?
तेव्हा प्रश्न विचारा खुशाल, फक्त उत्तरावर 'अमुक सालापर्यंत वापरण्यास योग्य' असा शिक्का मारा.

प्रश्नकर्ती
बरीच वर्षं क्विझसाठी प्रश्न काढते, म्हणजे इथली आरोपी मीच. दोन गोष्टी.

पहिली, 'का' विचारा म्हणणं सोपं आहे. पहिलं महायुद्ध का झालं? द्या उत्तर तीस सेकंदांत, आणि गुण कसे द्यायचे तेही सांगा. मी एकदा असा प्रश्न घेतला होता. चार संघ, चार उत्तरं, चारही बरोबर, आणि मग माझ्याशीच भांडण. तुम्हाला हवी आहे ती परीक्षा. तिला वेगळी जागा आहे.

एका आकड्याच्या उत्तरातही खोली असू शकते. माझा आवडता प्रश्न: रोझेटा शिळेवरचा मजकूर किती भाषांत आहे? शंभरातले नव्वद 'तीन' म्हणतात (माझा अंदाज, मोजलेलं नाही). उत्तर दोन. लिप्या तीन आहेत: चित्रलिपी, डेमोटिक आणि ग्रीक. पहिल्या दोन्ही इजिप्तच्याच भाषेच्या. 'तीन' म्हणणारा चिडतो, घरी जाऊन शोधतो, आणि भाषा वेगळी, लिपी वेगळी हे त्याच्या कायमचं लक्षात राहतं. चिडवणारा प्रश्न असावा.

दुसरी गोष्ट म्हणजे कबुली. 'गॅलिलिओ गेला त्याच वर्षी कोण जन्मला?' हा प्रश्न मी वर्षानुवर्षं विचारला. उत्तर न्यूटन, १६४२. काय सुंदर योगायोग, सभागृहातून 'वा!' यायचं. मग एका शाळकरी मुलीनं मला गाठलं. गॅलिलिओची ८ जानेवारी १६४२ ही तारीख ग्रेगोरियन, न्यूटनची २५ डिसेंबर १६४२ ज्युलियन. न्यूटनला ग्रेगोरियनवर आणा, तो जन्मतो ४ जानेवारी १६४३ ला. गॅलिलिओला ज्युलियनवर न्या, तो २९ डिसेंबर १६४१ लाच गेलेला. कुठलंही एक कॅलेंडर धरा, वर्ष जुळत नाही. मी दोन मापं एकाच तराजूत घालत होते. प्रश्न काढून टाकला, त्या मुलीला गुण दिला. तुमच्या क्विझमास्तरांनीही द्यायला हवा होता.

काकदृष्टी
प्रश्नकर्ती, दंडवत. गॅलिलिओचं मलाही ठाऊक नव्हतं, मीही तो योगायोग चार ठिकाणी सांगितलाय. रोझेटाही मान्य.

तरीही एक काटा निघत नाही. 'जगातलं सर्वात छोटं युद्ध?' झांजिबार, २७ ऑगस्ट १८९६, ३८ मिनिटं. या प्रश्नाला हमखास हशा येतो. मीही हसलोय. झालं काय होतं? दोन दिवसांपूर्वी सुलतान वारला होता, खालिद या त्याच्या नातलगानं राजवाडा ताब्यात घेतला, आणि तो ब्रिटिशांच्या पसंतीचा नव्हता. सकाळी नऊची मुदत दिली. मुदत संपताच बंदरातल्या युद्धनौकांनी राजवाड्यावर तोफा डागल्या. राजवाडा बराचसा लाकडी. झांजिबारच्या बाजूनं सुमारे पाचशे जण मेले किंवा जखमी झाले, ब्रिटिशांचा एक खलाशी जखमी. आता '३८ मिनिटं' म्हणून हसून दाखवा. चुकीच्या माहितीपेक्षा मला या बरोबर माहितीची जास्त भीती वाटते.

रात्रपाळी
हे वाचून हसू गेलं खरं.

खुंटी
यावर माझ्याकडे उत्तर नाही. एवढंच सांगतो, राजवाडा लाकडी होता हे मलाही माहीत होतं, आणि ते मी वाचलं ते '३८ मिनिटं म्हणजे काय भानगड' म्हणूनच. हसल्यावर किती जण वाचायला जातात ते विचारू नका.

उंटावरचा
वातावरण फार गंभीर झालंय. (हलके घ्या.) प्रश्न: शंभर वर्षांचं युद्ध किती वर्षं चाललं?

रात्रपाळी
शंभर. नाही, थांबा, यात काहीतरी गोम असणार.

खुंटी
११६. १३३७ ते १४५३. तेही सलग नाही, मधे तह होते.

प्रश्नकर्ती
खुंटींना एक गुण. पुढचा प्रश्न काकदृष्टींना: रशियातली ऑक्टोबर क्रांती कोणत्या महिन्यात झाली?

काकदृष्टी
कोणत्या कॅलेंडरनं?

प्रश्नकर्ती
दोन गुण.